आमच्या भागातील बेघर निवारा: कोरोनाच्या दोन लाटांतील कारभाराचे परीक्षण

नागपुरात शासकीय योजनेतून चालणाऱ्या बेघर निवाऱ्यांपैकी एक आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे. औषधाच्या दुकानातून निवृत्त झाल्यापासून मी दर शनिवारी तेथे रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्यांचा हिशेब पाहायला जातो, त्यामुळे मार्च 2020 पासून दुसरी लाट ओसरेपर्यंत तेथील कारभार जवळून पाहता आला. कोणा बेघर व्यक्तीस निवाऱ्यात पोहोचवण्याची वेळ आपल्यापैकी कोणावर आली, तर हा अनुभव उपयोगी पडावा. निवाऱ्याचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे येणाऱ्या बहुतेक उणिवा तेथील दोन काळजीवाहकांच्या हातातल्या नव्हत्या आणि नाव घेतले की खापर त्यांच्याच डोक्यावर फुटते.

25 मार्च 2020 रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली तेव्हा "घरीच राहा" हा आदेश येथील रहिवाशांच्या बाबतीत अर्थहीन होता. लग्नसराईत वाढप्याचे काम करणारे, कॉटन मार्केटमध्ये हमाली करणारे, भंगार वेचणारे असे हे लोक. दिवसा बाहेर जाऊन कमवायचे आणि रात्री पाठ टेकायला यायचे, असा त्यांचा क्रम होता. टेकडी गणपतीचे मंदिर आणि ताजबागचा दर्गा दोन्ही ठिकाणी दारे बंद झाल्याने प्रसादावर आणि लंगरवर निघणारी वेळही गेली. योजनेच्या नियमांनुसार निवारा चोवीस तास उघडा असायला हवा होता, पण प्रत्यक्षात सकाळी सगळ्यांना बाहेर काढून कुलूप लावण्याची पद्धत होती. ती टाळेबंदीच्या पहिल्याच आठवड्यात मोडली, आणि माझ्या मते त्या दोन वर्षांत येथे झालेली ही सर्वांत मोठी सुधारणा होती. बेघर आणि अडकलेल्या मजुरांच्या जेवणा-राहण्यासाठी राज्य आपत्ती प्रतिसाद निधी वापरण्याची मुभा केंद्राने 28 मार्चला दिली. आमच्याकडे मात्र पहिले आठ दिवस शेजारच्या सोसायटीतून आलेल्या खिचडीवर निभावले.

जागेविषयी सविस्तर सांगितले पाहिजे. माणशी किमान 50 चौरस फूट हा योजनेचा निकष होता, आणि येथील मोठ्या खोलीत त्या हिशेबाने चाळीस कॉट बसत. सहा फुटांचे अंतर ठेवायचे म्हटल्यावर त्या बावीसवर आल्या. ताईंनी (दोघींपैकी थोरलीला सगळे ताईच म्हणतात) खडूने फरशीवर खुणा केल्या आणि एकाचे डोके जिकडे, त्याच्या शेजाऱ्याचे पाय तिकडे अशी मांडणी केली, म्हणजे दोघांची तोंडे आणखी दूर राहतात. पहिल्या रात्री यावर कुरबूर झाली, कारण कोणाच्या पायांकडे तोंड करून झोपणे अनेकांना अपमानाचे वाटले, आणि देवाच्या तसबिरीकडे पाय होत असल्याचीही तक्रार आली. तसबीर दुसऱ्या भिंतीवर गेली आणि वाद मिटला.

हवेचे श्रेय मी कूलरला देतो. बंद खोलीत कूलर लावला की नुसता उकाडा आणि ओल वाढते, हे नागपूरकरांना शिकवावे लागत नाही. तो बाहेरची हवा आत ढकलतो आणि ती निघून जायला समोरची खिडकी उघडी लागते. चोरीच्या भीतीने मागच्या खिडक्यांना कित्येक वर्षांपूर्वी खिळे ठोकलेले होते. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जायला लागल्यावर ते उपटले गेले, आणि हे विषाणूसाठी नव्हे तर उकाड्यासाठी झाले. त्या काळात सगळ्यांचे लक्ष दाराचे कडी-कोयंडे पुसण्याकडे होते. हा रोग प्रामुख्याने हवेतून पसरतो हे सरकारी सूचनांत ठळकपणे येईपर्यंत बराच काळ गेला. वातानुकूलन यंत्र परवडले असते तर खिडक्या बंदच राहिल्या असत्या.

याउलट दारावरची ताप मोजण्याची बंदूक मला निरर्थक वाटली. अमेरिकेत बोस्टन येथील एका मोठ्या निवाऱ्यात एप्रिल 2020 मध्ये सरसकट 408 जणांची तपासणी झाली, त्यात 147 जण बाधित निघाले आणि त्या बाधितांपैकी ताप एक टक्क्याहून कमी लोकांना होता. आमच्याकडे तर उन्हातून आलेल्या माणसाचे कपाळ निरोगी असूनही तापलेले असे, आणि त्याला निंबाच्या सावलीत वीस मिनिटे बसवून पुन्हा मोजावे लागे. ते मनुष्यबळ खर्रा (सुपारी-तंबाखूचे मिश्रण) आवरण्याकडे वळवले असते तर अधिक बरे झाले असते. एक पन्नी चार जणांत फिरते, मग मास्क हनुवटीवर येतो, मग जिन्याचा कोपरा रंगतो. ताईंनी शेवटी तडजोड केली: खर्रा खायचाच असेल तर ज्याचा त्याने आणि अंगणातच. ही तडजोड कोणत्याही नियमावलीत बसणारी नव्हती, पण पाळली गेली.

सर्वांत मोठी उणीव आजारी माणसाला वेगळे ठेवण्याची. शहरात आमदार निवासात विलगीकरण केंद्र उभे राहिले, परंतु निवाऱ्यात एकही स्वतंत्र खोली नव्हती. जूनमध्ये एका साठीच्या गृहस्थांना खोकला आणि धाप लागली, तेव्हा त्यांना जिन्याखाली खुर्चीवर बसवले, 108 ला फोन केला आणि गाडी संध्याकाळी आली. ज्या रुग्णालयात त्यांना नेले, तेथे आधार कार्ड आणि नातेवाईक या दोन गोष्टींवरून तासभर खोळंबा झाला. ताईंनी नातेवाईकाच्या रकान्यात स्वतःचे नाव लिहिले. गृहस्थ सतरा दिवसांनी परतले.

आणि बावीस कॉट म्हणजे अठरा माणसे बाहेर, हे विसरून चालणार नाही. काही काळ एका शाळेत सोय झाली, ती शाळेला जागा परत हवी झाल्यावर संपली. 2011 च्या जनगणनेत नागपूरची लोकसंख्या 24 लाखांवर होती आणि दर लाखामागे शंभर जणांच्या निवाऱ्याचा निकष होता, म्हणजे किमान चोवीसशे जागा हव्या होत्या. एक जण जागा असूनही आत आला नाही, कारण त्याच्याबरोबर कुत्री होती. "इले सोडून कसा येऊ ताई? माही राखण हेच करते," असे म्हणून तो फाटकाबाहेर झोपला, आणि त्याचे ताट दोन महिने फाटकातून दिले गेले.

लसीकरणाची कहाणी तुलनेने चांगली आहे. ओळखपत्र नसलेल्यांनाही लस देण्याची कार्यपद्धती केंद्राने मे 2021 मध्ये काढली, तोवर येथील निम्म्याहून अधिक लोक निव्वळ कागदाअभावी थांबले होते. कोविशील्डच्या दोन मात्रांमधील अंतर मात्र त्याच महिन्यात 12 ते 16 आठवड्यांवर गेले, आणि आज येथे तर उद्या गोंदियाला असणाऱ्या माणसाला 84 दिवसांनी गाठायचे कसे, हा प्रश्न उभा राहिला. ताईंनी प्रत्येकाच्या कॉटशेजारी भिंतीवर पेन्सिलीने तारीख लिहिली. त्या तारखेला सगळे परतले नाहीत, पण मला वाटले होते त्याहून पुष्कळ अधिक परतले.

आज कॉट पुन्हा चाळीस झाल्या आहेत, आणि मागच्या दोन खिडक्यांवर पुठ्ठे लागलेले मी गेल्या शनिवारी पाहिले. जेवण साधे पण गरम मिळते, संडास स्वच्छ असतात, पैसे घेत नाहीत. पाचपैकी साडेतीन तारे देईन. कोणाला घेऊन जाणार असाल तर त्याच्या चालू गोळ्यांची पाकिटे बरोबर न्या. ओळखपत्र नसले तरी प्रवेश नाकारत नाहीत. स्त्रियांच्या खोलीचे दार मागच्या गल्लीत आहे, आणि रात्री नऊनंतर तेथील घंटी वाजत नाही, कडी वाजवावी लागते.