ऑटोकॅडचा हात थ्रीडीत: सॉलिडवर्क्स, फ्यूजन की फ्रीकॅड?

ऑटोकॅडवर वर्षानुवर्षं टूडी ड्रॉइंग काढणारा माणूस सॉलिडवर्क्स, फ्यूजन किंवा फ्रीकॅड अशा प्रोग्रॅममध्ये थ्रीडीकडे वळला की आधी मॉडेल फिरवून बघतो आणि तेवढ्यावरच प्रोग्रॅम पसंत-नापसंत करतो. पण खरी अडचण येते सिलेक्शनला, म्हणजे हवा तो भाग क्लिक करून निवडताना.

फिरवण्याचं आधी उरकून घेऊ. ऑटोकॅडमध्ये माउसचं चाक दाबून धरलं की ड्रॉइंग सरकतं आणि जोडीला शिफ्ट धरलं की व्ह्यू फिरतो. फ्यूजनमध्ये मूळ सेटिंग हेच आहे. सॉलिडवर्क्समध्ये नुसतं चाक दाबलं की मॉडेल फिरतं, सरकवायला कंट्रोल लागतो. वर झूमही उलटा: चाक स्वतःकडे ओढलं की मॉडेल जवळ येतं. (ही दिशा सेटिंगमध्ये बदलता येते. माझ्या बोटांना मात्र दोन आठवडे लागले.) फ्रीकॅडच्या 'कॅड' नावाच्या माउस पद्धतीत फिरवायला मधलं बटण धरून डावंही दाबायचं, म्हणजे बोटांची कसरतच, पण तिथे माउसची अख्खी पद्धतच बदलता येते, आणि फ्यूजनमध्येही.

आता सिलेक्शन. ऑटोकॅडमध्ये क्लिक करत गेलात की वस्तू जमा होत जातात, नको ती शिफ्ट धरून वगळायची. बाकी तिन्हींकडे, कमांड चालू नसेल तर, दुसरा क्लिक पहिली निवड सोडून देतो. कंट्रोल धरावाच लागतो. त्याहून मोठा फरक म्हणजे ऑटोकॅडमध्ये सॉलिडवर (भरीव थ्रीडी वस्तूवर) क्लिक केलं की अख्खा सॉलिड येतो, फेस (एखादी बाजू) किंवा एज (कड) हवी तर कंट्रोल धरा. या तिघांत थेट फेस किंवा एजच हाती लागते. फिलेट (कड गोल करणं), चॅम्फर (कड तिरकी कापणं), मेट (पार्ट एकमेकांना जुळवणं) अशा कामांत दिवसभर हेच लागतं.

मागे दडलेला फेस पकडायला सॉलिडवर्क्समध्ये उजव्या क्लिकवर 'सिलेक्ट अदर' आहे. फ्यूजनमध्ये डावं बटण दाबून धरलं की कर्सरखाली काय काय आहे त्याची यादी येते. मला हे जास्त आवडतं. डावीकडून उजवीकडे निवडीची खिडकी ओढली तर पूर्ण आत आलेलंच, उलट ओढली तर स्पर्श झालेलं सगळं, ही ऑटोकॅडची सवय या दोघांत तशीच चालते.

फ्रीकॅड फुकट आहे. पूर्वी मॉडेलमध्ये मागे जाऊन बदल केला की आधी निवडलेला फेस भलताच निघायचा; नोव्हेंबर २०२४ च्या १.० आवृत्तीपासून हा ताप बराच कमी झाला.

मशीनचे पार्ट आणि असेंब्ली हेच पोटापाण्याचं काम असेल तर सॉलिडवर्क्स घ्या. अधूनमधून थ्रीडी लागत असेल तर फ्यूजन, तिथे हाताला नवं वळण फारसं लावावं लागत नाही. लायसन्सला पैसे नसतील तर फ्रीकॅड, फक्त पहिल्याच दिवशी माउसची पद्धत बदलून घ्या.