आमच्या व्हिलात दुसऱ्याच कुणाची तरी पोरं पोहत होती

ग्रीसमधल्या पारोस बेटाच्या बंदरात एक जुनी पवनचक्की आहे. बोटीतून उतरलं की समोर तीच दिसते. "ड्रायव्हर तुमच्या नावाची पाटी घेऊन पवनचक्कीपाशी उभा असेल," असं आम्हाला व्हिला भाड्याने देणाऱ्याने लिहिलं होतं. जूनचा शेवटचा आठवडा, भर दुपार. आम्ही आठ जण, अकरा बॅगा आणि सासूबाईंच्या मांडीवर थालीपिठाच्या भाजणीचा डबा. पाट्या घेतलेली माणसं बरीच होती, आमच्या नावाची पाटी कुणाकडेच नव्हती. सव्वा तास थांबलो. व्हॉट्सअ‍ॅपवर माझ्या मेसेजपुढे एकच टिक. फोन लावला तर ग्रीकमध्ये रेकॉर्ड केलेली एक बाई काहीतरी सांगायची आणि फोन बंद व्हायचा.

मी सगळ्यांना सांगत होते, "रेंज नसेल त्याला. बेटावर असंच असतं."

हे वाक्य मुद्दाम लिहितेय. पाच महिने मी हेच करत आले होते. शंका मलाच यायची आणि त्या माणसाच्या वतीने तिचं उत्तरही मीच द्यायचे. त्याला फारसं खोटं बोलावंच लागलं नाही.

आम्ही नेदरलँड्सला, आइंडहोवनमध्ये राहतो. २०२५ च्या उन्हाळ्यात सासूबाईंची पंच्याहत्तरी होती. सासू-सासरे आमच्याकडे येणार होतेच. पुण्याहून दीर, जाऊ आणि त्यांची मुलगी थेट अथेन्सला येणार होते. ग्रीसमधलं एखादं बेट बघायचं, समुद्राकाठी घर घ्यायचं, एक आठवडा कुणी घड्याळ बघायचं नाही, असं ठरलं. सँटोरिनीला पायऱ्याच पायऱ्या, सासऱ्यांच्या गुडघ्यांना ते झेपलं नसतं. म्हणून पारोस. अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून बोटीने चारेक तास लागतात.

जानेवारीत इन्स्टाग्रामवर एका व्हिलाची जाहिरात दिसली. चार बेडरूम, पांढऱ्या भिंती, समुद्राकडे तोंड केलेला पूल, वर बोगनवेलीचा मांडव. गाव पिसो लिवादी. स्वतंत्र वेबसाइट, नीटनेटकी, तीन भाषांतली. 'सन १९९८ पासून आपल्या सेवेत' असंही वर लिहिलेलं. भाडं रात्रीला ७०० युरो. तशाच दुसऱ्या घरांचे दर हजार-अकराशे होते. अगदी २०० म्हटला असता तर मी तिथेच पान बंद केलं असतं. पण ७०० म्हटल्यावर वाटलं, हिवाळ्यात लवकर बुकिंग करतोय म्हणून देत असेल. आणि सगळी रक्कम थेट बँकेत भरली तर दहा टक्के सूट, कारण मधल्या वेबसाइटचं कमिशन वाचतं. हे तर मला फारच पटलं. आपल्याकडे नाही का दुकानदार म्हणत, कॅश दिलीत तर बिलात बघू काहीतरी.

पहिली शंका सासऱ्यांना आली. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत, नकाशा बघितल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. व्हिडिओ कॉलवर मी त्यांना साइट दाखवली. तिथे लिहिलं होतं, 'पूलमध्ये बसून समुद्रात मावळणारा सूर्य पाहा.' ते म्हणाले, "अगं, हे गाव बेटाच्या पूर्व किनाऱ्याला आहे. समोर नाक्सोस बेट दिसतंय. इथे सूर्य समुद्रात मावळेल कसा?" मी हसले. म्हटलं, "बाबा, जाहिरातीत लिहितात तसं." ते पुढे काही बोलले नाहीत. सुनेला किती टोकायचं, असा त्यांचा स्वभाव.

दुसरी शंका माझी. मी फोटो गूगलवर टाकून शोधले. तेच फोटो एका दुसऱ्या साइटवर सापडले, वेगळ्या नावाने आणि ११०० युरोने. इथे कुणालाही थांबायला हवं होतं. मी काय केलं? म्हटलं, एकच घर चार ठिकाणी लावतात, नावं बदलतात, दरही बदलतात. उलट आनंद झाला की आपल्याला स्वस्तात मिळतंय.

तिसरी शंका नवऱ्याची. तो म्हणाला, व्हिडिओ कॉल करून घर दाखवायला सांग. मालक म्हणाला, "आनंदाने, पण मी आत्ता अथेन्सला आहे. बेट हिवाळ्यात बंद असतं, घराला रंग चाललाय, एप्रिलमध्ये दाखवतो." आता हिवाळ्यात त्या बेटांवरची निम्मी हॉटेलं आणि खानावळी खरोखरच बंद असतात. खऱ्याच्या भिंतीला टेकवून ठेवलेलं खोटं पटकन पडत नाही. एप्रिलमध्ये आम्हीही विसरलो.

ग्रीसमध्ये असं घर भाड्याने द्यायचं तर त्याची तिथल्या कर खात्याकडे नोंद करावी लागते, आणि तो नोंदणी क्रमांक जाहिरातीत दाखवावा लागतो. त्याला ते 'एएमए' म्हणतात. हे मला एका मैत्रिणीने सांगितलं म्हणून मी विचारलं. अर्ध्या तासात क्रमांक आला. मी निर्धास्त झाले. नंतर कळलं, क्रमांक खराच होता. खऱ्या मालकाच्या जाहिरातीतून उचललेला.

मग करार आला. शिक्का, सही, आणि विश्वासासाठी म्हणून मालकाच्या पासपोर्टची प्रत. तो फोटोतला चष्मेवाला माणूस अजून डोळ्यांसमोर येतो. बहुतेक तोही आमच्यासारखाच कुठेतरी 'घर बघायला' गेला असेल आणि आपल्या पासपोर्टची प्रत देऊन बसला असेल. कारण आमच्याही आठ पासपोर्टांच्या प्रती मी त्या माणसाला पाठवल्या होत्या. पैशांचं दुःख एक वेळ विसरेन, पण ह्याने अजून झोप उडते.

पुण्याच्या मंडळींच्या व्हिसाच्या फाइलमध्ये राहण्याचा पुरावा म्हणून हाच करार लागला. व्हिसा आला आणि घरात सगळ्यांना वाटलं, चला, आता तर सरकारी मोहोर उमटली.

सर्वांत ठळक खूण पैसे भरताना समोर होती. ग्रीक बँकेचा आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खातेक्रमांक, 'जीआर' ने सुरू होतो आणि २७ अक्षर-अंकांचा असतो. मला आलेला 'एलटी' ने सुरू होत होता, म्हणजे लिथुआनिया. खातं कुणा तिसऱ्याच्याच नावावर. विचारल्यावर उत्तर आलं, ग्रीक बँका फार चार्ज लावतात म्हणून ऑनलाइन बँक वापरतो, नाव माझ्या भागीदाराचं आहे. ऑनलाइन बँकांचे लिथुआनियातले आयबॅन आमच्या ऑफिसात दोघा-तिघांकडे आहेत, त्यामुळे तेही खपून गेलं. "आज रात्रीपर्यंतच तारखा धरून ठेवतो, एका फ्रेंच कुटुंबालाही हाच आठवडा हवाय," हे त्याने त्याच मेसेजमध्ये जोडलं. फेब्रुवारीत २२०५ युरो, एप्रिलमध्ये पुन्हा २२०५ आणि वर ५०० अनामत. एकूण ४९१० युरो. रुपयांत साडेचार लाखांच्या आसपास.

९ ऑक्टोबर २०२५ पासून युरो वापरणाऱ्या देशांत नियम आला आहे: पैसे पाठवण्याआधी बँकेने खात्याचं नाव आणि आयबॅन जुळतात का ते तपासून सांगायचं. आम्हाला तो आठ महिने उशिरा आला असं नवरा म्हणतो. मला तसं वाटत नाही. नाव त्या भागीदाराचंच दिलं होतं ना, ते जुळलंच असतं. बँकेला काय माहीत की घर त्याचं नाही.

तर बंदरात. शेवटी आठ जणांना मावेल अशी व्हॅन मिळाली आणि आम्ही बेट आडवं ओलांडून पलीकडच्या किनाऱ्याला गेलो. पत्ता खरा होता. घरही खरं होतं. तोच बोगनवेलीचा मांडव, तीच निळी खुर्ची. फाटकावर नाव वेगळं, आणि आमच्या पूलमध्ये कुणाची तरी दोन पोरं पोहत होती. माझा मुलगा म्हणाला, "आई, हे आपले पाहुणे आहेत का?" हसावं की रडावं कळेना.

आतून घराची देखभाल करणारी बाई आली. मी फोन पुढे केला, तिने करार नुसता वरून पाहिला आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "ह्या वर्षी तुम्ही तिसरे." मग गार पाणी आणलं, सासूबाईंना खुर्ची दिली, अथेन्सला खऱ्या मालकाला फोन लावला. त्याचं घर त्या आठवड्यात भाड्याने गेलेलं, तो तरी काय करणार. जाता जाता ती बाई जे म्हणाली ते मला पोलिसांपेक्षा जास्त लागलं. म्हणाली, "गावातल्या बेकरीला फोन केला असता तरी कळलं असतं. इथे सगळे सगळ्यांना ओळखतात." पाच महिन्यांत मी शंभर मेल लिहिले असतील. पिसो लिवादीतल्या एकाही दुकानाला फोन केला नाही.

त्या बाईच्याच ओळखीने वरच्या मार्पिसा गावात तीन खोल्या मिळाल्या. चूल नव्हती, त्यामुळे भाजणीचा डबा तसाच परत आइंडहोवनला आला. सासूबाईंनी मात्र सगळ्यांत आधी स्वतःला सावरलं. संध्याकाळी गल्लीत पांढऱ्या भिंतीला टेकून बसल्या आणि म्हणाल्या, "पाठ टेकायला जागा मिळाली ना? मग झालं." वाढदिवस आम्ही तिथेच, लहान टेबलं जोडून साजरा केला. तो वाईट झाला नाही, हेही सांगायला हवं.

दुसऱ्या दिवशी पारिकियाच्या, म्हणजे बेटावरच्या मुख्य गावातल्या, पोलिसांकडे गेलो. ग्रीसमध्ये पर्यटक पोलिसांचा १५७१ हा नंबर आहे, तो आम्हाला तिथे कळला. तक्रार घेतली, शिक्क्याचा कागद दिला. तो कागद जपून ठेवा, घरी परतल्यावर पोलिसांत आणि बँकेत तोच उपयोगी पडतो. बँकेने पैसे परत मागवून पाहिले. खातं रिकामं. शिवाय तुम्ही स्वतः लॉगिन करून स्वतः पाठवलेत, म्हणजे कार्ड चोरीला जाण्यासारखी ही गोष्ट नाही, असं उत्तर आलं. क्रेडिट कार्डने भरले असते तर निदान व्यवहारावर वाद तरी घालता आला असता. तुम्ही भारतातून पैसे पाठवले असतील आणि असं काही झालं असेल तर १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करा, दोन दिवस 'बघू, उत्तर येईल' म्हणून थांबू नका. आम्ही मे महिन्यापासून उत्तरं तुटक व्हायला लागलेली पाहत होतो आणि थांबलो होतो.

भाऊजींनी परत गेल्यावर एका रात्रीत ती वेबसाइट कधी नोंदवली ते काढलं. नोव्हेंबर २०२४. '१९९८ पासून सेवेत' असलेलं दुकान आमच्याआधी दोन महिने उघडलं होतं. ही माहिती कुणालाही फुकट बघता येते, पाच मिनिटं लागतात. जाऊबाई त्यांना म्हणाल्या, "मग जानेवारीत कुठे होतात?" त्यावर घरात पूर्ण शांतता.

ती साइट ऑगस्टमध्ये गायब झाली. ह्या जानेवारीत भाऊजींनी तेच फोटो पुन्हा शोधले, तर नव्या नावाने नवी साइट आहे. तोच मांडव, तीच निळी खुर्ची, दर आता ६८० युरो, थेट भरल्यास दहा टक्के सूट. मी खऱ्या मालकाला कळवलं, पोलिसांनाही लिंक पाठवली. वर्णन बदलायचे कष्ट त्यांनी घेतलेले नाहीत. पिसो लिवादीला सूर्य अजून समुद्रातच मावळतो.