कोड कॉइलचा, दोष वायरचा, बिल भलत्याच कामाचं

गाडी मिसिंग करायला लागली, म्हणजे एखादा सिलिंडर मधूनच पेटेनासा झाला, तेव्हा मी घाबरले नव्हते. चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, बरीच वर्षं वापरलेली गाडी. चढावर झटके द्यायची, उभी असताना स्टिअरिंग थरथरायचं आणि डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागायचा. वाटलं, छोटंसं काम असेल. पुढच्या सात आठवड्यांत ही गाडी एकाच गॅरेजमध्ये तीन वेळा गेली, माझी साठवलेली रक्कम संपली आणि शेवटी कळलं की बिघाड होता बोटभर लांबीच्या वायरमध्ये. ज्या युक्त्यांनी मला फसवलं त्या कोणत्याही गॅरेजमध्ये चालू शकतात. म्हणून सगळं तपशीलवार लिहिते आहे.

पहिल्या वेळी मेकॅनिकने स्कॅनर लावला आणि पडदा माझ्यासमोर धरला. बिघाडाचे दोन कोड होते, पी०३५३ आणि पी०३०३. "बघा मॅडम, मशीनच सांगतंय, तीन नंबरची कॉइल गेली. एक गेली की बाकीच्याही जातात, चारही बदलून घ्या." कॉइल म्हणजे प्लगला ठिणगीसाठी हजारो व्होल्ट देणारा भाग. पडद्यावर खरोखरच कॉइल असा शब्द होता. मी हो म्हणाले.

इथेच मी चुकले, आणि बहुतेक जण इथेच चुकतात. पी०३५३ हा कोड 'कॉइल खराब' असं सांगत नाही. तो सांगतो की 'सी' कॉइलच्या सर्किटमध्ये गडबड आहे. माझ्या गाडीत 'सी' म्हणजे तिसरा सिलिंडर. सर्किट म्हणजे नुसती कॉइल नव्हे. फ्यूज आणि रिलेतून येणारा १२ व्होल्टचा सप्लाय, अर्थिंगची वायर, ईसीएमकडून (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरकडून) येणारी सिग्नलची वायर, कनेक्टरच्या पिना, कॉइल आणि खुद्द ईसीएम, एवढं सगळं त्यात येतं. पी०३०३ तर त्याहून मोघम असतो. तिसऱ्या सिलिंडरमध्ये नीट जळण होत नाही, इतकंच तो सांगतो. ठिणगी नाही, पेट्रोल कमी पडतंय की कॉम्प्रेशन गेलंय, हे माणसाला शोधावं लागतं. स्कॅनर गल्ली दाखवतो, घर आपल्याला हुडकावं लागतं.

कॉइल बदलल्या म्हणून सांगितलं, दिवा गेला, गाडी मऊ चालायला लागली. नऊ दिवसांनी पुन्हा तेच. दुसऱ्या खेपेला चारही प्लग बदलले, पुन्हा गाडी सुरेख चालली, पुन्हा दोन आठवड्यांत झटके सुरू झाले. दर वेळी काम केल्यावर गाडी खरंच सुधारत होती, म्हणून माझा विश्वास टिकून राहिला. त्याचं कारण पुढे कळलं. प्रत्येक कामासाठी तिसऱ्या कॉइलचा कनेक्टर काढून परत बसवला जात होता. त्या हालचालीने तुटलेल्या वायरची टोकं थोडे दिवस एकमेकांना टेकत होती. शिवाय गाडी देताना कोड पुसून टाकलेला असायचा, त्यामुळे दिवा लगेच परत लागत नव्हता. कोड पुसला की त्याच्यासोबत साठलेली नोंदही जाते. बिघाड झाला तेव्हा इंजिन किती गरम होतं, किती आरपीएमवर होतं, किती लोड होता, हे सगळं त्या नोंदीत असतं. कोणी कोड पुसायच्या आधी त्या पडद्याचा फोटो काढून ठेवा.

तिसऱ्या खेपेला त्याने चेहरा गंभीर केला. "मॅडम, आता ईसीएमच." माझ्या डोळ्यांदेखत मल्टिमीटर लावला, इंजिन चालू ठेवून सिग्नलच्या वायरवर टोक टेकवलं. "इथे ५ व्होल्ट पाहिजेत, आणि किती येतंय बघा, पॉइंट एकसुद्धा नाही." मीटरवर खरंच जवळजवळ शून्य होतं. आकडा डोळ्यांना दिसत असताना मी काय बोलणार होते? ईसीएम दोन दिवस 'रिपेअरला' गेला. त्या दोन दिवसांचं बिल आधीच्या दोन्ही बिलांच्या बेरजेपेक्षा मोठं होतं.

गाडी परत आल्यावर सहाव्या दिवशी भर रस्त्यात झटके सुरू झाले आणि या वेळी दिवा लुकलुकायला लागला. हे नीट लक्षात ठेवा. दिवा नुसता लागणं वेगळं आणि लुकलुकणं वेगळं. लुकलुकतो तेव्हा न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या बाजूला जात असतं, तिथल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटतं आणि तो भाग आतून वितळू शकतो. तेव्हा रेस कमी करून गाडी जमेल तितक्या लवकर थांबवावी. मी थांबवली आणि एका ओळखीच्या वयस्क ऑटो इलेक्ट्रिशियनना बोलावलं. गाड्यांच्या वायरिंगचंच काम करतात, बाकी इंजिनला हात लावत नाहीत.

त्यांनी आधी काहीच उघडलं नाही. आधीची तिन्ही बिलं वाचली आणि विचारलं, "ताई, कॉइलची अदलाबदल करून बघितली होती का कोणी?"

ही अदलाबदल म्हणजे या रोगाची सगळ्यात सोपी आणि फुकटची परीक्षा. इंजिन बंद करून, जराशी थंड होऊ देऊन, तिसऱ्या सिलिंडरची कॉइल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची तिसऱ्यावर बसवायची. कोड पुसून गाडी चालवायची. मिसिंग कॉइलबरोबर दुसऱ्यावर गेलं आणि पी०३०२ आला, तर कॉइल दोषी. तिसऱ्यावरच राहिलं, तर कॉइल निर्दोष. मग वायर, प्लग, इंजेक्टर यांच्याकडे बघायचं. प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असलेल्या गाडीत हे दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. जो मेकॅनिक हे न करता नवा माल मागवतो, त्याला निदान करायचंच नसतं, असं माझं आता ठाम मत आहे. इलेक्ट्रिशियन काकांनी माझ्यासमोर अदलाबदल केली. मिसिंग तिसऱ्यावरच राहिलं.

कॉइल हातात घेऊन त्यांनी आणखी एक गोष्ट विचारली. "या चारही नव्या आहेत असं बिलात लिहिलंय?" मी होय म्हटलं. त्यांनी कॉइलचा रबरी बूट, म्हणजे प्लगवर बसणारी नळी, उलटा करून दाखवला. वरचं प्लॅस्टिक चकचकीत पुसलेलं, पण बुटाच्या आतल्या कडेला वाळलेल्या तेलाचं तपकिरी कडं होतं, नखाने खरवडलं तर निघेल असं. जेमतेम महिनाभर चाललेल्या कॉइलवर असं कडं बसत नाही. तेव्हा मला आठवलं, दोन वर्षांपूर्वी बॉनेट उघडून मी एक फोटो काढला होता. फोनमध्ये शोधला. त्यात दुसऱ्या नंबरच्या कॉइलवर पांढऱ्या रंगाचा एक थेंब होता. हातातल्या 'नव्या' कॉइलवर तोच थेंब, त्याच जागी. चारांचे पैसे घेऊन एकच बदलली होती आणि तीही विनाकारण. निदान चुकू शकतं, ते मी समजून घेतलं असतं. पण जुना भाग पुसून नवा म्हणून बसवणं याला चोरी हाच शब्द आहे.

मग मीटरचा प्रश्न. माझ्या इंजिनच्या कॉइलला तीन वायरी आहेत, सप्लाय, अर्थिंग आणि सिग्नल. ईसीएम सिग्नलच्या वायरवर ५ व्होल्टच्या आसपासचा अगदी छोटा ठोका पाठवतो, काही मिलिसेकंदांचा. तेवढ्या वेळात कॉइलच्या जाड वेढ्यांत करंट भरतो. ठोका संपला की करंट तुटतो, चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत हजारो व्होल्ट तयार होऊन प्लगला ठिणगी पडते. आयडलिंगला ८०० आरपीएम धरले तर एका कॉइलला सेकंदाला सहा-सात ठोके मिळतात. मधला जवळजवळ सगळा वेळ वायर शून्यावर असते. साधा मीटर या सगळ्याची सरासरी दाखवतो, म्हणून तो शून्याच्या जवळच राहतो. काकांनी तोच मीटर पहिल्या सिलिंडरच्या, म्हणजे ठणठणीत चालणाऱ्या सिलिंडरच्या वायरवर लावला. तिथेही पॉइंट एकच्या आसपास. ज्या आकड्यावर मला ईसीएमचं बिल लावलं गेलं, तो आकडा धडधाकट वायरवरही तसाच येतो! तुम्हाला कोणी असा आकडा दाखवला तर एवढंच म्हणा, "शेजारच्या चांगल्या सिलिंडरवर लावून दाखवा."

खरी तपासणी त्यांनी दोन साध्या दिव्यांनी केली. सप्लाय आणि अर्थिंगसाठी बल्बचा टेस्ट लॅम्प. तांब्याची एक तार जरी शाबूत असली तरी मीटर पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो, पण बल्ब करंट ओढतो तेव्हा अशी अशक्त वायर उघडी पडते. बल्ब तिसऱ्या कनेक्टरवर भक्क पेटला, म्हणजे त्या दोन वायरी चांगल्या. सिग्नलसाठी मात्र बल्ब वापरायचा नाही, तो ईसीएमवर नको इतका भार टाकतो. तिथे एलईडीचा टेस्टर. पहिल्या सिलिंडरवर एलईडी टपटप लुकलुकला. तिसऱ्यावर काळोख. मग ईसीएमच्या सॉकेटशी, त्याच वायरच्या दुसऱ्या टोकाला लावला, तिथे टपटप सुरू. ईसीएम सिग्नल देत होता, तो वाटेत हरवत होता.

इंजिन बंद करून त्यांनी ती वायर चिमटीत धरून हळूहळू ओढत नेली. कनेक्टरपासून दोन बोटांवर, जिथे हार्नेस (वायरींचा जुडगा) एका लोखंडी पट्टीवरून काटकोनात वळत होता, तिथे वायर रबरासारखी लांबली. आत तांबं अखंड असेल तर वायर अशी ताणली जात नाही. ब्लेडने कव्हर सोललं. आत तारा तुटून काळ्या-हिरव्या पडलेल्या, वरचं कव्हर मात्र अखंड. इंजिनच्या थरथरीने वर्षानुवर्षं घासत, वाकत तुटलेल्या. तेवढा तुकडा कापून नवी वायर सोल्डर केली, वर स्लीव्ह चढवली, हार्नेसची क्लिप पट्टीपासून लांब घेतली. पाऊण तासात सगळं झालं.

ईसीएम कधीच खराब होत नाही असं नाही. पण तो दोषी ठरवायचा तर त्याच्या स्वतःच्या पिनेवर सिग्नल नाही आणि त्याचा सप्लाय व अर्थिंग ठीक आहे, हे आधी दाखवावं लागतं. माझा ईसीएम काकांनी बाहेर काढून बघितला तेव्हा झाकणाच्या कडेचं कारखान्यातलं सील जसंच्या तसं होतं. तो डबा कुणी उघडलाच नव्हता.

एक गोष्ट मात्र स्वतः करू नका. इंजिन चालू असताना हाताने कॉइल उपसून ठिणगी बघायचा प्रकार अजून काही जण करतात. त्या व्होल्टेजचा झटका जीवघेणा ठरू शकतो आणि कॉइलही त्याने जळू शकते.

दुसऱ्या दिवशी मी फोटो, बिलं आणि तो कापलेला तुकडा घेऊन त्या गॅरेजमध्ये गेले. आवाज चढवला नाही. पांढऱ्या थेंबाचा फोटो समोर ठेवला आणि विचारलं, माझ्या जुन्या चार कॉइल कुठे आहेत? आधी भंगारात दिल्या म्हणाला. मग एक आणून दिली. बाकीच्या तीन आणणार कुठून, त्या तर गाडीतच होत्या. तीन कॉइलचे पैसे त्याने परत केले. ईसीएमचे करायला नकार दिला, सील त्यानेच नवं लावलं असं म्हणत राहिला, आणि त्याची लेखी तक्रार मी ग्राहक आयोगाकडे केली आहे. कामाला गाडी देतानाच 'काढलेले भाग परत द्यावेत' असं जॉब कार्डवर लिहून घेतलं असतं, तर तो खेळ पहिल्याच दिवशी संपला असता.

भंगारातून आलेली ती कॉइल मी काकांकडे नेली. त्यांनी ती पुसली, तिच्या मूळ जागी तिसऱ्या सिलिंडरवर बसवली आणि गाडी चालू केली. चार महिने झाले, त्याच कॉइलवर गाडी चालते आहे.