इंग्लिश वाक्याचं चित्र काढायला शिकवणारं जुनं पुस्तक, इंग्लिशच्या शिक्षकांनी घ्याच

मराठी मीडियमच्या नववी-दहावीच्या मुलांची इंग्लिशची ट्यूशन घेते, त्यासाठी दोन महिने झाले रीड आणि केलॉग यांचं हायर लेसन्स इन इंग्लिश वापरतेय. ब्रुकलिनच्या या दोन मास्तरांचं १८७७ चं पुस्तक, प्रोजेक्ट गुटेनबर्ग या जुन्या पुस्तकांच्या वेबसाइटवर फुकट मिळतं. अमेरिकेतल्या शाळांत पिढ्यानपिढ्या फळ्यावर वाक्यांची चित्रं काढून घ्यायचे, ती पद्धत यांचीच.

आपलं वाक्यपृथक्करण आठवतंय ना, उद्देश्य, विधेय, त्यांचे विस्तार? तेच, फक्त तक्त्याऐवजी रेघा. एक आडवी रेघ, कर्ता आणि क्रियापदाच्या मधे आरपार जाणारी उभी रेघ, कर्माच्या आधी छोटी उभी रेघ जी खाली उतरत नाही, आणि बाकीचे शब्द ज्याच्याबद्दल सांगतात त्याच्याखाली तिरके लटकवायचे.

मी 'आय सॉ द मॅन विथ द टेलिस्कोप' दिलं (हे पुस्तकातलं नाही, नेहमीचं उदाहरण आहे). सगळ्यांनी 'दुर्बिणीतून माणूस पाहिला' लिहिलं, कोणाला शंकाच नाही. मग फळ्यावर आडवी रेघ मारली आणि विचारलं, 'विथ'ची तिरकी रेघ कुठे लावू, 'सॉ'खाली की 'मॅन'खाली, तर वर्ग एकदम गप्प, आणि मागच्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, दुर्बीण त्या माणसाकडेच असली तर?" या एका प्रश्नासाठी माझे पाच स्टार. मराठीत 'दुर्बिणीतून' किंवा 'दुर्बीण घेतलेला' असं आपण बोलतानाच ठरवून टाकतो, इंग्लिशचं 'विथ' काही ठरवत नाही, आणि आपल्या मुलांना हे कुणी दाखवतच नाही.

'व्हिजिटिंग रिलेटिव्ह्ज कॅन बी बोअरिंग'चंही तसंच, एका चित्रात कर्त्याच्या जागी 'व्हिजिटिंग', दुसऱ्यात 'रिलेटिव्ह्ज', पाहुणे म्हणून जायचा कंटाळा की आलेल्या पाहुण्यांचा ते लगेच दिसतं.

सगळंच सुटतं असं नाही. 'द चिकन इज रेडी टू ईट' मधे कोंबडी खाणार की कोंबडीला खाणार, दोन्ही वेळा 'टू ईट' 'रेडी'खालीच लटकतं, चित्र एकच. शब्दांचा मूळ क्रमही चित्रात राहत नाही, म्हणून वाक्य वर लिहून ठेवावंच लागतं. आणि भाषा जुनी, जड आहे, मुलांच्या हातात थेट देऊ नका, आधी आपण वाचा.

वही आडवी धरायला सांगा, उभ्या पानावर लांब वाक्य मावत नाही.