राख गाळणारी फ्रेम आणि कणकेने लिंपलेलं मडकं

पूर्व नागपुरातल्या एका लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या वस्तीत, देवीच्या फोटोतून राख पडू लागली आणि अंगणात दर्शनाची रांग लागली. पुढे त्याच रांगेतल्या काही घरांचे दागिने गेले. लोकांची भक्ती खरी होती. तिच्याआडून काय झालं, ते सांगणं गरजेचं आहे.

फ्रेम ॲल्युमिनियमची होती, आणि सगळं त्यातच आहे. मर्क्युरिक क्लोराइडच्या पाण्याचं फडकं फिरवलं की ॲल्युमिनियमवरचा संरक्षक थर मोडतो. मग हवा आणि ओलावा लागून करडी-पांढरी भुकटी फुटून येते आणि गळत राहते. तोच फोटो लाकडी फ्रेममध्ये बसवा, राख थांबते. भुकटी खरवडल्यावर खालचा धातू खाल्ल्यासारखा खडबडीत दिसतो. लोक हीच राख अंगारा म्हणून लेकरांच्या जिभेवर ठेवतात, याची आम्हाला सगळ्यात जास्त भीती वाटते. मर्क्युरिक क्लोराइड जहाल विष आहे, मूत्रपिंडं निकामी करतं. ही राख कोणाच्या पोटात गेली असेल तर त्रास सुरू व्हायची वाट न पाहता मेडिकल, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, गाठा आणि राखेची पुडी सोबत न्या.

मग हा चमत्कार दाखवणारे भोंदू घरोघरी 'दोष' काढतात. लिंबातून रक्त येतं, कारण सुरीच्या पात्यावर जास्वंदीची पाकळी घासून वाळवलेली असते. होम आपोआप पेटतो, कारण समिधांखाली पोटॅशियम परमँगनेट असतं आणि वरून तूप म्हणून ओततात ते ग्लिसरीन. सुरी आणि तूप तुमच्या घरातलं द्या. नको म्हणाले, तर तिथेच दार दाखवा.

इथवर ते एक रुपया मागत नाहीत. त्यानंतर दागिने 'शुद्ध' करायला काढायला लावतात. लाल कापडात पुरचुंडी बांधायची, मडक्यात ठेवायची, झाकणी कणकेने लिंपायची. मधेच घरच्यांना डोळे मिटायला नाहीतर तुळशीला पाणी घालायला सांगतात. तेवढ्यात तशीच दुसरी पुरचुंडी आत जाते, त्यात लोखंडी नट. २१ दिवस मडकं उघडायचं नाही, कोणाला सांगायचं नाही, शंका घेतली तर फळ नाही. या मुदतीत ते जिल्ह्याबाहेर गेलेले असतात. त्याहून वाईट म्हणजे मडकं उघडल्यावर प्रत्येक घर आपल्याच शंकेला दोष देत गप्प बसतं. लेआउटमध्ये ज्यांनी आधी प्रश्न विचारले, त्यांना "तुमच्यामुळेच देवी कोपली" असं ऐकून घ्यावं लागलं.

फसगत झाली असेल तर मडकं, सुरी, फ्रेम धुऊ नका, हलवू नका. ११२ ला फोन करा. चमत्कार दाखवून पैसे उकळणं हा २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे: सहा महिने ते सात वर्षं कैद आणि ५,००० ते ५०,००० रुपये दंड. तक्रारीत त्या कायद्याचं नाव लिहायला सांगा. दागिने अंगावर असलेले लग्नातले फोटो आणि इतवारीतल्या सराफाची वजनाची पावती जोडा. जितकी घरं फसली, तितक्यांनी एकत्रच ठाण्यात जा.