कोकणात हिवाळी बिअर मुरवायची असेल, तर कोणती आणि कोठे?

नाताळच्या सुमारास परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाकडून हिवाळी क्राफ्ट बिअर मागवावी आणि काही बाटल्या पुढील वर्षांसाठी राखून ठेवाव्यात, असे ठरवणाऱ्याला बिअर कोणती आणि ती ठेवायची कोठे, असे दोन निर्णय घ्यावे लागतात. युरोप-अमेरिकेत पहिल्या प्रश्नावर भर दिला जातो, कारण तेथील तळघरात 10 ते 13 अंश सेल्सिअस तापमान सहज मिळते. कोकणात मात्र दुसरा प्रश्न आधी सोडवावा लागतो. रत्नागिरी-मालवणात जानेवारीतही दुपारी पारा 30 अंशांच्या आसपास जातो, आणि तापमान 10 अंशांनी वाढले की बाटलीतील रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. थंडाव्यात सावकाश घडणाऱ्या ऑक्सिडीकरणातून खजूर, मनुका आणि शेरी या स्पॅनिश वाईनची आठवण देणारी चव येते. तेच उष्म्यात घाईने घडले, तर ओल्या पुठ्ठ्याचा वास उरतो.

जांभ्याच्या जाड भिंतींचे माजघर दिवस-रात्रीच्या तापमानातील चढउतार चांगला रोखते आणि अंधारही देते, परंतु त्या भिंती हवेच्या सरासरी तापमानाखाली खोली नेऊ शकत नाहीत, त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत बाटल्या आठवडेच्या आठवडे ऊब सोसतात. नेहमीचा फ्रिज याच्या दुसऱ्या टोकाला आहे. तेथे 4-5 अंशांवर बिअर सुरक्षित राहते, मात्र मुरण्याची क्रिया अगदी मंदावते. 12-13 अंशांवर ठेवता येणारा वाईनचा छोटा फ्रिज हा खरा पर्याय आहे. पावसाळ्यात काही तास वीज गेली, तरी दार न उघडल्यास भरलेल्या फ्रिजमधील गारवा बराच टिकतो. म्हणून केवळ वीज जाण्याच्या भीतीने तो नाकारू नये. किनाऱ्यालगतच्या घरात खाऱ्या दमट हवेने पत्र्याची बुचे गंजतात, यासाठी माजघरात बाटल्या ठेवायच्याच असतील, तर त्या घट्ट झाकणाच्या डब्यात उभ्या ठेवाव्यात.

आता बिअरविषयी. अमेरिकेतील सिएरा नेवाडा कंपनीची सेलिब्रेशन (6.8 टक्के मद्यार्क) हंगामातील पहिल्या हॉप्सच्या, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या फुलांच्या, सुगंधासाठी केली जाते, आणि हा सुगंधच सर्वांत आधी उडतो. ती आली की लगेच प्यावी. त्याच कंपनीची बिगफूट ही 9.6 टक्क्यांची बार्ली वाईन (नावात वाईन असली, तरी ही कडक बिअरच) ताजी असताना इतकी कडू लागते की अनेकांना ती पेलवत नाही. तीन-चार वर्षांत हा कडवटपणा ओसरतो आणि माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, गोडवा पुढे येतो. मुरण्याने होणारा फरक इतका स्पष्ट दाखवणारी दुसरी बिअर मला या यादीत दिसत नाही. बेल्जियमची शिमे ब्ल्यू (9 टक्के) मुळात नाताळसाठी बनवली गेली. तिच्या बाटलीत जिवंत यीस्ट असते आणि ते आत राहिलेला थोडा ऑक्सिजन शोषून घेते, हा तिचा मोठा गुण आहे. पण उष्म्यात हेच यीस्ट मरून विघटित होते आणि बिअरला सोया सॉससारखी चव येते. कोकणातील माजघरासाठी ती म्हणूनच अयोग्य ठरते. ऑस्ट्रियातील एगेनबर्गची सामिक्लाउस वर्षातून एकदाच, 6 डिसेंबरला, बनवली जाते आणि सुमारे 10 महिने मुरवून मगच बाटलीत भरली जाते. तिच्यात 14 टक्के मद्यार्क असून चवीचा सारा भार माल्टवर असल्याने गमावण्याजोगा हॉप्सचा सुगंध तिच्यात जवळपास नसतो.

वाईनचा फ्रिज असेल, तर मी बिगफूटची आणि तिच्या जोडीला शिमे ब्ल्यूची निवड करीन. घरातील फ्रिजचा एखादा कप्पाच मिळणार असेल, तर बिगफूट घेऊन धीर धरावा. केवळ माजघर उपलब्ध असेल, तर सामिक्लाउस घ्यावी आणि तीही उन्हाळ्यापूर्वी संपवावी. दोन-तीन महिन्यांच्या त्या काळाला मुरवणे म्हणता येणार नाही, पण चांगली बिअर वाया तरी जात नाही.

प्रवाशाला विमानाने 2 लिटरपर्यंतच मद्य शुल्कमुक्त आणता येते. एवढ्यात शिमेच्या 330 मिलिलिटरच्या सहा किंवा बिगफूटच्या 355 मिलिलिटरच्या पाच बाटल्या बसतात. प्रत्येक प्रकारची एकेक बाटली मागवण्यापेक्षा एकाच बिअरच्या सर्व बाटल्या घ्याव्यात, म्हणजे एक लगेच आणि पुढे दरवर्षी एक उघडून बदल पडताळता येतो. सिंधुदुर्गातील वाचकांना गोवा जवळ असला, तरी तेथील मद्य परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणे गुन्हा आहे, हे ध्यानात ठेवावे. प्रत्येक बाटलीवर खरेदीचा महिना आणि वर्ष लिहून ठेवावे, आणि उघडण्यापूर्वी ती दिवसभर उभी ठेवून तळाशी बसलेला गाळ ढवळू न देता सावकाश ओतावी.