सहजीवनातील जोडीदाराचे कर्ज आपल्या अंगावर केव्हा येते

मी पुण्यात माझ्या जोडीदारासोबत लग्न न करता राहत होते. तो सामान घेऊन निघून गेला, फोन बंद झाला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याची चार देणी माझ्या दारात आली: क्रेडिट कार्डाची थकबाकी, मोबाईल अ‍ॅपवरून घेतलेले कर्ज, फ्लॅटचे थकलेले भाडे आणि एका पतसंस्थेचे कर्ज. मागायला आलेल्या प्रत्येकाने एकच गोष्ट ऐकवली, की तुम्ही नवरा-बायकोसारखे राहत होता, तेव्हा पैसे तुम्हीच भरायचे. या म्हणण्याला कायद्याचा कोणताही आधार नाही. चारांपैकी दोन देण्यांशी माझा काडीचाही संबंध नव्हता. उरलेली दोन मला भरावी लागली, पण त्यांचे कारण आमचे एकत्र राहणे हे नव्हते. कागदावरची माझी सही हे होते. जे कोणी असे एकत्र राहत आहेत, त्यांना हा फरक वेळेवर कळावा म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आपल्याकडे लग्नाच्या पत्नीवरसुद्धा, ती केवळ पत्नी आहे म्हणून, नवऱ्याच्या वैयक्तिक कर्जाची जबाबदारी येत नाही. मग सोबत राहणाऱ्या जोडीदारावर ती येण्याचा प्रश्नच नाही. कार्डाच्या वसुलीसाठी आलेल्या माणसाला मी बँकेचे अधिकारपत्र मागितले आणि माझी सही असलेला कागद दाखवायला सांगितले. त्याच्याकडे दोन्ही नव्हते. कर्जदाराला वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही, त्याच्या घरच्यांना किंवा मित्रमंडळींना त्रास देता येत नाही, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये स्पष्ट बजावलेले आहे. बँकेकडे लेखी तक्रार करून तीस दिवसांत समाधानकारक उत्तर आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. अ‍ॅपवाल्यांकडे माझा नंबर केवळ संदर्भासाठी दिलेला होता, आणि संदर्भासाठी नंबर असणे म्हणजे जामीन राहणे नव्हे. मात्र उलट बाजूही ध्यानात ठेवावी: कार्ड तुमच्या नावावर असेल आणि जोडीदाराला तुम्ही त्यावर पुरवणी कार्ड काढून दिले असेल, तर त्याने केलेला सगळा खर्च तुमच्याच माथी येतो.

भाड्याचे प्रकरण वेगळे होते. लिव्ह अँड लायसन्सच्या नोंदणीकृत करारावर आम्हा दोघांची नावे होती. माझा निम्मा वाटा मी दर महिन्याला त्याच्या खात्यावर पाठवत होते आणि तो पूर्ण भाडे मालकांना देतो असे सांगत होता. प्रत्यक्षात त्याने कित्येक महिने भाडे दिलेच नव्हते. दोघांनी मिळून जबाबदारी घेतली असेल, तर घेणेकरी त्यांपैकी कोणा एकाकडूनही पूर्ण रक्कम मागू शकतो, असे भारतीय करार कायद्याचे कलम ४३ सांगते. ‘माझा अर्धा भाग मी दिला’ हे उत्तर मालकांपुढे चालले नाही. अनामत रक्कम त्यात गेली आणि वरचे पैसे मी भरले.

खरा घाव पतसंस्थेचा होता. आपण दोघे मिळून घरासाठी पैसे साठवू, ओळखीच्या पतसंस्थेत आवर्त ठेव काढू, त्यासाठी तुला सभासद व्हावे लागेल, असे सांगून तो मला तिथे घेऊन गेला. कर्मचाऱ्याने कागदांचा जुडगा पुढे ठेवला. जिथे जिथे सही हवी तिथे पेन्सिलने फुल्या केलेल्या होत्या, आणि तो बोटाने पान अर्धवट उचलून फक्त खालचा भाग समोर धरत होता. रकमेच्या जागा कोऱ्या होत्या. सभासदत्वाचा अर्ज त्यात होता हे खरे, पण त्याच जुडग्यात माझ्या जोडीदाराच्या चार लाखांच्या व्यवसाय कर्जाचा जामीनकीचा करार आणि माझ्या पगारातून कपात करण्याचे संमतीपत्रही होते. पतसंस्थेत जामीनदाराला सभासद व्हावे लागते, म्हणून तो ठेवीचा बहाणा. सही केलेल्या कागदांची प्रत मला दिली गेली नाही. इतक्या मोठ्या जबाबदारीच्या कागदाची प्रत सही करणाऱ्याच्या हाती न देण्याची ही पद्धत मला अत्यंत चुकीची वाटते, आणि ती सर्रास चालते.

करार कायद्याच्या कलम १२८ नुसार जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराकडून वसूल करा, तो सापडला नाही तर माझ्याकडे या, असे जामीनदाराला म्हणता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्येच हे सांगून ठेवले आहे. मला फसवून सही घेतली, असा माझा पहिला मुद्दा होता. त्यावर वकिलांनी कलम १४२ दाखवले. खोटे सांगून घेतलेली जामीनकी रद्द ठरते खरी, पण ते खोटे घेणेकऱ्याने स्वतः सांगितलेले असावे लागते किंवा त्याच्या माहितीने व संमतीने सांगितलेले असावे लागते. मला खोटे सांगितले होते ते कर्जदाराने. ते संस्थेला ठाऊक होते, हे सिद्ध करायला माझ्याकडे पुरावा नव्हता. फसवणारा एक आणि घेणेकरी दुसरा, या फटीत माझ्यासारखी माणसे अडकतात.

वकिलांनी दुसरी गोष्ट तपासली ती कर्जखात्याच्या उताऱ्याची. थकलेले कर्ज जामीनदाराला न विचारता ‘नवे-जुने’ केले असेल, म्हणजे अटी बदलल्या असतील, तर त्या बदलानंतरच्या व्यवहारांतून जामीनदार कलम १३३ खाली सुटू शकतो. कोणावर अशी वेळ आली तर उतारा आणि मूळ करार या दोन्ही गोष्टी लेखी अर्ज देऊन सर्वांत आधी मागाव्यात. माझ्या प्रकरणात असा बदल झालेला नव्हता.

सहकारी संस्थेची वसुली बँकेपेक्षा वेगाने होते, हे पुष्कळांना माहीत नसते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली संस्था सहकार खात्याच्या निबंधकांकडे अर्ज करते, कर्जदार आणि जामीनदार या दोघांनाही नोटीस निघते आणि वसुली दाखला मिळाला की दिवाणी न्यायालयात न जाता मालमत्तेच्या जप्तीपर्यंत मजल जाते. त्या दाखल्याविरुद्ध कलम १५४ खाली फेरतपासणीचा अर्ज करायचा, तर येणे रकमेच्या निम्मी रक्कम आधी संस्थेकडे भरावी लागते. म्हणून १०१ ची नोटीस आली की ‘कर्ज माझे नाही’ असे म्हणून ती बाजूला ठेवू नये. सुनावणीला हजर राहून आपले म्हणणे लेखी द्यावे. मी हजर राहिले. जोडीदाराचे संस्थेतील भाग (शेअर्स) आणि ठेव आधी कर्जात वळती करून घ्या, ही माझी मागणी मान्य झाली आणि उरलेली रक्कम मी एकरकमी परतफेड योजनेत भरली.

पैसे भरताना मी एका गोष्टीचा आग्रह धरला. पावतीवर ‘जामीनदार म्हणून भरणा’ असा स्पष्ट उल्लेख करून घेतला आणि त्याच अर्थाचे पत्र संस्थेच्या लेटरहेडवर घेतले. जामीनदाराने कर्ज फेडले की करार कायद्याच्या कलम १४० नुसार घेणेकऱ्याचे हक्क त्याच्याकडे येतात आणि कलम १४५ नुसार त्याने योग्य रीतीने भरलेली रक्कम कर्जदाराकडून वसूल करता येते. त्यासाठीच्या दाव्याची मुदत, पैसे भरल्यापासून तीन वर्षे आहे. नुसती कर्जदाराच्या नावाची पावती घेतली असती, तर पुढे पैसे कोणी भरले इथूनच वाद सुरू झाला असता.

घरगुती हिंसाचार कायदा, २००५ हा विवाहसदृश नात्यातील स्त्रीलाही लागू होतो आणि आर्थिक छळ त्यात येतो. पण कोणतेही एकत्र राहणे विवाहसदृश ठरत नाही. किती काळ राहिले, घर आणि पैसा एकत्र होता का, समाजात नाते कसे मांडले, हे न्यायालय पाहते. शिवाय या कायद्यातून जोडीदाराकडे दाद मागता येते, पतसंस्थेचे येणे त्यामुळे थांबत नाही. पोलिसांकडे मी फसवणुकीची तक्रार दिली आहे. हे दिवाणी स्वरूपाचे आहे, असे तिथे पहिल्यांदा सांगितले गेले. आवर्त ठेवीबद्दलचे आणि ‘भाडे दिले’ म्हणणारे त्याचे व्हॉट्सअ‍ॅप संदेश समोर ठेवल्यावर तक्रार अर्ज घेऊन त्याची पोच मिळाली.

वसुलीचा दिवाणी दावा आता दाखल आहे. त्यासोबत संस्थेचे पत्र, जामीनदार म्हणून भरल्याची पावती, खातेउतारा आणि दर महिन्याला भाड्यापोटी त्याला पाठवलेल्या रकमांचे बँक स्टेटमेंट जोडले आहे. त्याचा सध्याचा पत्ता मिळालेला नसल्याने समन्स अजून बजावले गेलेले नाही.